दापोड्याचे भाई आणि डोंगरातली शाळा

(भोर-वेल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या स्मरणसभेत केलेले भाषण)



भालचंद्र सदाशिव वैद्य हे नाव पुकारले तर या सभेतसुद्धा काही जण क्षणभर विचारात पडतील. भाई वैद्य म्हटले की कोणाला काही सांगावे लागत नाही. २२ जून १९२८ रोजी वेल्हे तालुक्यातील दापोडे या गावी त्यांचा जन्म झाला आणि २ एप्रिल २०१८ रोजी पुण्यात कर्करोगाने त्यांचे निधन झाले. नव्वदीला काही आठवडेच उरले होते. शासकीय इतमामात त्यांना निरोप देण्यात आला. ज्यांना सरकारांनी वारंवार तुरुंगात धाडले, त्यांना अखेरीस पोलिसांनी मानवंदना दिली.

भाईंचे आयुष्य आपणांस साधारण ठाऊक आहे. १९४२ च्या लढ्यात शाळकरी वयात उडी, राष्ट्र सेवा दलाचे संस्कार, १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात सहभाग, १९७४-७५ मध्ये पुण्याचे महापौरपद आणि मग आणीबाणीतील १९ महिन्यांचा कारावास. १९८३ साली चंद्रशेखर कन्याकुमारीहून दिल्लीच्या राजघाटापर्यंत पायी निघाले, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षात असलेले भाई त्यांच्याबरोबर चालत होते.

सत्तेची खुर्ची भाईंच्या वाट्याला फार थोडा काळ आली. १९७८ ते १९८० या काळात पुलोद सरकारात ते गृहराज्यमंत्री होते. त्या काळातील दोन गोष्टी लोक अजून सांगतात. तस्करांकडून तीन लाख रुपयांची लाच देऊ करण्यात आली, तेव्हा भाईंनी ती नुसती नाकारली नाही, तर लाच देणाऱ्यांना पोलिसांच्या हवाली केले. दुसरी गोष्ट साध्या शिपायाची. ऊनपावसात हाफ पँट घालून उभ्या राहणाऱ्या पोलीस शिपायाला पूर्ण पँट मिळाली ती भाईंच्या कारकिर्दीत. पोलिसांच्या लाठ्या ज्याने खाल्ल्या, त्यानेच पोलीस शिपायाच्या मानाची काळजी वाहिली. समाजवाद म्हणजे काय, असे कोणी तरुणाने विचारले तर मी त्याला हे उदाहरण देतो.

परंतु आज मला बोलावयाचे आहे ते भाईंच्या अखेरच्या लढ्याविषयी. वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर माणूस आठवणींत रमतो. भाईंनी त्या वयात २०११ साली सोशालिस्ट पार्टीची पुन्हा बांधणी करून तिचे अध्यक्षपद पत्करले आणि बालवाडीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतचे शिक्षण सर्वांना समान व विनामूल्य मिळाले पाहिजे, यासाठी देशभर दौरे काढले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरताच थांबतो, हे त्यांना मान्य नव्हते. शिक्षण बाजारात गेले की गरिबाचे मूल प्रथम बाहेर फेकले जाते, ही त्यांची धारणा होती.

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. या मावळपट्ट्याने इतरांना पुष्कळ दिले. भाईंच्या जन्माच्या सुमारास पुरे झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेले. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुण्याने प्यायले. जमिनी बुडाल्या, वस्त्या डोंगराच्या अंगाने वर सरकल्या, विखुरल्या. अशा वस्तीवरच्या शाळेचा पट दहा-बारा असतो, यात त्या मुलांचा काय दोष?

आता त्याच पानशेतला परिसरातील लहान शाळा एकत्र करून समूह शाळा उभी राहिली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी असेच प्रस्ताव मागविले, तेव्हा नंदुरबारमधील तोरणमाळबरोबर पानशेतचे उदाहरण पुढे ठेवले. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक आहेत. म्हणजे आपल्या तालुक्यात जे घडेल, ते साऱ्या महाराष्ट्राला लागू होऊ शकते.

विरोधासाठी विरोध करणे भाईंच्या स्वभावात नव्हते, आपणही तो करू नये. चार मुलांच्या वर्गात खेळ होत नाही, एकच शिक्षक सर्व इयत्ता ओढतो, मोठ्या शाळेत ग्रंथालय व प्रयोगशाळा मिळू शकते, हे सारे खरे आहे. परंतु गाडी ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी काय? आषाढात ओढा फुगला, दरड रस्त्यावर आली, तर सहा वर्षांचे मूल कोणाच्या भरवशावर पाठवावयाचे? आणि घरातील एकालाच पाठविणे शक्य असेल, तर मुलगा जाईल की मुलगी? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हे नियमानेच ठरविले आहे. ते अंतर मुलाच्या पायांनी मोजले आहे. ते मोडावयाचे असेल तर आधी पालकांना विचारले पाहिजे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. भाईंच्या तसबिरीला हार घालून आपण घरी जाऊ नये. प्रत्येक कार्यकर्त्याने एक वाडी, एक शाळा आपली मानावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्या समितीची बैठक खरोखर होते काय, ते जाऊन पाहावे. शाळा दूर गेली असेल तर कोणते मूल गळाले, कोणती मुलगी घरी बसली, त्याची नावानिशी यादी करावी. ही यादी हाती असेल तर आपले निवेदन कोणालाही टोपलीत टाकता येणार नाही.

शासनाने वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचे ठरविले. नाव थोर आहे. त्या गडाच्या पायथ्याच्या वाड्यांतील शेवटचे मूल वर्गात बसेल, तेव्हा ते नाव शोभेल आणि दापोड्याच्या या सुपुत्राचे ऋण काही अंशी फिटेल.