उत्सवातील बिऱ्हाड

कुंभकोणमपासून सुमारे दहा किलोमीटरवर, तिरुवारूरच्या वाटेला नाचियारकोविल हे गाव आहे. पितळी समयांच्या घडणीसाठी ते विख्यात. पण मार्गळी आणि पंगुनी या दोन महिन्यांत तेथे गर्दी लोटते ती श्रीनिवास पेरुमाळांच्या मंदिरातील पाषाणाच्या गरुडासाठी. उत्सवात हा गरुड मिरवायला निघाला की आरंभी चार माणसांना पेलतो. पुढे आठ, सोळा, बत्तीस आणि मंदिराबाहेर चौसष्ट खांदे लागतात, अशी तिकडची श्रद्धा आहे. परतताना भार त्याच क्रमाने उतरतो म्हणतात.

उत्सवाच्या दिवसांत खोलीचे भाडेही या गरुडाचाच कित्ता गिरवते. फरक एवढाच, की येथे खांदे वाढत नाहीत. सारा भार एकट्या कुटुंबप्रमुखावर पडतो. आईवडिलांना रामेश्वर दाखवायला निघालेला एखादा पुण्यानाशिकचा कारकून कुंभकोणमला उतरतो आणि दोन रात्रींच्या भाड्यात पुढच्या प्रवासाची शिल्लक संपेल, हे त्याच्या ध्यानी येते. मग दर्शन उरकून म्हाताऱ्यांना रात्रीच्या गाडीत बसवणे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो.

याच प्रांतावर इ. स. १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, आणि पांथस्थाच्या निवाऱ्याचा प्रश्न त्यांनी राजधर्माचा मानला होता. रामेश्वराच्या वाटेवर त्यांनी छत्रे उभारली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र सरफोजीराजांनी १८०२ मध्ये बांधले. त्याच्या आदल्याच वर्षी, इंग्रज राज्याचा कारभार आपल्या हाती घेत असताना, राजांनी या छत्रांना हात लावू नये म्हणून इंग्रज अधिकाऱ्याला पत्र लिहिले. त्यात छत्रांची रीत नमूद आहे: कोणत्याही जातीच्या वाटसरूला अन्न, शिजवलेले चालत नसेल त्याला शिधा, आजाऱ्याला वैद्य, आणि वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीला तीन महिने आश्रय. राज्य गेले तरी छत्रे राहावीत, ही त्या राजाची धडपड होती. पुढे त्यांपैकी काहींत शाळा व वसतिगृहे आली, काही पडीक झाली.

दुसरा आधार घराच्या ओट्याचा. तमिळ घराच्या दाराशी दोन्ही बाजूंना असलेल्या ओट्याला तिण्णै म्हणतात. वाटसरूने तेथे पाठ टेकावी, ही जुनी चाल. आता बहुतेक ओट्यांना लोखंडी जाळ्या लागल्या आहेत. तरीही देवळाभोवतालच्या दुकानदाराला विचारले तर एखाद्या घरातील मागची खोली मिळण्याचा संभव असतो. अशा वेळी भाडे माणशी की खोलीचे, दिवस कोठून कोठवर मोजायचा आणि अंघोळीचे पाणी त्यात धरले आहे की नाही, हे सामान आत नेण्यापूर्वीच ठरवावे. भाषा येत नसेल तर बोटे दाखवूनही ठरते. रात्री मात्र बोटांचा हिशेब बदलतो!

आता कुंभकोणमचा महामहम २०२८ मध्ये येत आहे. नाशिकच्या सिंहस्थाप्रमाणे तोही गुरूच्या सिंहराशीतल्या वास्तव्याशी जोडलेला आहे. १९९२ च्या महामहमात चेंगराचेंगरीत सुमारे पन्नास माणसे दगावली. तेव्हा कुंडाला लागून खोली मिळवण्यासाठी पैसे मोजण्यात शहाणपण नाही. तंजावर रेल्वेने सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. म्हाताऱ्यांना तेथे स्वस्थ ठेवावे, पहाटेच्या गाडीने येऊन स्नान करावे आणि सायंकाळी परतावे. नाचियारकोविलच्या गरुडासाठीही हेच बिऱ्हाड पुरते. फक्त कुंभकोणमहून पुढची बस धरावी लागते.