भारित धुळीचा शोध

नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेत पृथ्वीच्या चुंबकत्वाबरोबरच अवकाशातील प्लाझ्माचा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन व आयन यांनी बनलेल्या वायूचा, अभ्यास चालतो. या वायूत धुळीचा कण सापडला, की चपळ इलेक्ट्रॉन जड आयनांच्या आधी त्याला चिकटतात आणि तो बहुधा ऋणभारित होतो. मग त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाबरोबर विद्युत व चुंबकीय बलांचीही सत्ता चालते. व्हॉयेजर यानांनी १९८०-८१ मध्ये शनीच्या कड्यांवर टिपलेले, चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे अशाच धुळीचे असावेत, असे मानले जाते. धूमकेतूजवळ मात्र ही धूळ यानाच्याच मुळावर येते: मार्च १९८६ मध्ये हॅले धूमकेतूच्या केंद्रकापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलेल्या जिओत्तो यानाचा कॅमेरा तिच्या माऱ्यात कायमचा निकामी झाला.