गाडी अडते ती सांध्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी सारी नोकरी रेल्वेमार्गांच्या आखणीत गेली. आधी रुळांकाठी हिंडून मोजणी करायची आणि मग कार्यालयात बसून कागदावर रेषा ओढायच्या, हे माझं काम. घर डोंबिवलीला. त्यामुळे आखलेल्या मार्गिका वेळेवर झाल्या नाहीत की काय होतं, हे मला कार्यालयात कुणी सांगावं लागलं नाही. संध्याकाळी लोकलच्या दारात लटकताना ते आपोआप कळायचं.

आता निवृत्त झालो, तरी ओळखीचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात. "मुंबईत एवढी गर्दी आहे, तर जमिनीखालून आणखी चार बोगदे का काढत नाही?" प्रश्न रास्त आहे. बोगदा डोळ्यांत भरतो आणि त्याचा फोटोही छान येतो. पण लोकलसेवेचं खरं घोडं पेंड खातं ते एक मार्ग दुसऱ्याला मिळतो तिथे, म्हणजे सांध्यावर.

ठाणे ते दिवा हा पट्टाच घ्या. १८५३ साली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. वाटेत पारसिकचा डोंगर होता. त्या काळच्या मार्गानं खाडीच्या कडेनं डोंगराला वळसा घातला. तोच कळवा-मुंब्र्याचा मार्ग. मग १९१६ साली डोंगर पोखरून पारसिकचा बोगदा झाला. लांबी सव्वा किलोमीटरहून थोडी जास्त. जलद गाड्या सरळ बोगद्यातून जाऊ लागल्या, धिम्या गाड्या वळशानं. कळवा आणि मुंब्र्याच्या वाट्याला फक्त धिम्या गाड्या उरल्या.

पुढे वस्ती वाढली. कुर्ला ते ठाणे सहा मार्गिका झाल्या, दिवा ते कल्याणही सहा झाल्या. मध्ये ठाणे ते दिवा मात्र चारच. दोन्हीकडे रुंद आणि कमरेत आवळलेला डमरू असतो ना, तसा हा प्रकार. लांब पल्ल्याची गाडी आपल्या वेगळ्या मार्गिकेवरून ऐटीत यायची आणि इथे तिला लोकलच्या रुळांवर शिरावं लागायचं.

यात अडचण काय, ते साध्या हिशेबानं सांगतो. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. सांधे ओलांडताना तिचा वेग ताशी ३० किलोमीटर धरा. नुसता इंजिनापासून शेवटचा डबा पार व्हायलाच मिनिटाहून अधिक वेळ जातो. त्याआधी सांधे फिरवायचे, सिग्नल द्यायचा, गाडी गेल्यावर सांधे पुन्हा जागेवर आणायचे. आणि ती समोरून येणाऱ्या मार्गिकेला छेदून जाणार असेल तर दोन्ही दिशांच्या लोकल थांबवाव्या लागतात. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक लोकल धावते. म्हणजे एक एक्स्प्रेस ओलांडली की एखाददुसऱ्या लोकलची वेळ गेलीच.

यावर उपाय म्हणजे स्वतंत्र मार्गिका, आणि छेद टाळायला रुळांवरून रुळांचा पूल. लोकांना वाटतं, एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला असा कितीसा पूल लागणार! पण रेल्वेला चढ सोसत नाही. शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ धरला, तर आठ मीटर उंची गाठायला आठशे मीटर हवेत आणि उतरायला तेवढेच. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेतला असा पूल १.४ किलोमीटरचा आहे. हा प्रकल्प २००८ साली मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुरा झाला. शेवटच्या जोडणीसाठी ७२ तासांचा ब्लॉक घेतला होता. त्या ७२ तासांची बातमी सगळ्यांनी वाचली. आधीच्या चौदा वर्षांचं काय?

उशिराची कारणं अनेक होती. खाडीकाठची जमीन होती, शेजारच्या रुळांवर अहोरात्र गाड्या धावत होत्या. आणि एक मोठं कारण रुळांकाठची घरं.

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. नोकरीतली सुरुवातीची वर्षं होती. एका नियोजित मार्गिकेच्या मोजणीला आम्ही गेलो होतो. कागदावर मी रुळांकाठच्या वस्तीवर तिरप्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं, 'अतिक्रमण'. घरं मोजलीच नाहीत. एक बाई पाणी भरून येत होती. हंडा न उतरवता तिनं विचारलं, "दादा, माझी चूल लायनीत येते का बाहेर?" मला उत्तर देता आलं नाही. कारण माझ्या नकाशात चूल नव्हतीच, तिरप्या रेघा होत्या.

पुढे ते काम अडलं ते नेमकं त्या रेघांपाशी. मोजणी पुन्हा झाली तोवर घरांची संख्या कितीतरी वाढली होती. आम्ही पहिल्याच दिवशी दारोदार गेलो असतो, तर बरीच वर्षं वाचली असती. त्यांचीही आणि दारात लटकणाऱ्यांचीही.

हे जमत नाही असं मात्र नाही. मुंबईत रुळांकाठच्या रहिवाशांनी स्वतःच आपली घरं मोजली आणि नोंदली, असं घडलेलं आहे. जॉकिन अरपुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, महिला मिलन आणि स्पार्क या संस्थांनी ते काम उभं केलं. 'एमयूटीपी'च्या पहिल्या टप्प्यात हजारो कुटुंबं त्यातून दुसरीकडे राहायला गेली आणि रुळांना जागा झाली. नव्या घरांविषयी तक्रारी होत्या, त्या खऱ्याही होत्या. पण माणूस कागदावर आला, की त्याच्याशी निदान बोलता तरी येतं.

आता कळवा-ऐरोली जोड पाहा. माझी मुलगी डोंबिवलीहून ऐरोलीला नोकरीला जाते. रोज ठाण्याला उतरायचं, पूल चढायचा, गर्दीतून ट्रान्स-हार्बरची गाडी गाठायची आणि आलो त्याच दिशेनं थोडं मागे यायचं. हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी सुमारे आठ किलोमीटरचा जोडमार्ग २०१६ साली मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. पण कळव्याच्या बाजूचा उन्नत जोड तेव्हा झालेला नव्हता. अडलं होतं पुनर्वसनापाशीच. त्याच वेळी मंजूर झालेल्या पनवेल-कर्जत मार्गावर वावर्ले इथला बोगदा २.६ किलोमीटरचा, म्हणजे पारसिकच्या दुप्पट. तो डोंगरातून आरपार खोदला गेला. डोंगर कठीण असतो, पण त्याला राहतं घर सोडायचं नसतं.

पाचवी-सहावी मार्गिका झाल्यावर पारसिकचा बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूनं धावू लागल्या. ३६ नव्या फेऱ्यांची सोय झाली. पण ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन भरगच्च लोकलमधून दारातले प्रवासी खाली पडले. किमान चार जणांचा जीव गेला. त्या संध्याकाळी मुलगी घरी येईपर्यंत मी फाटकात उभा होतो. तेव्हा मला माझ्या त्या तिरप्या रेघा आठवल्या. उशीर झालेल्या प्रत्येक वर्षाची किंमत कुणीतरी दारात उभं राहून मोजत असतं.

म्हणून नव्या आखणीकारांना माझं एकच सांगणं आहे. बोगद्याची लांबी शेवटी लिहा. आधी सांधा कुठे आहे ते पाहा आणि त्या सांध्यावर किती चुली आहेत ते मोजा. त्या बाईचा प्रश्न उद्या तुम्हालाही कुणी विचारील. तेव्हा उत्तर तुमच्या नकाशात असू द्या.