घाटातली घोडी आणि तिचे मन



खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या भागांत जत्रा म्हटली की बैलगाड्यांचा घाट आलाच. चाकण-चिखलीच्या बाजूला कारखाने उभे राहिले, तरी ही हौस गेली नाही. मधली काही वर्षे शर्यतींवर बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींचा कायदा कायम ठेवला. त्या काळात बैलांविषयी पुष्कळ बोलणे झाले. मी आज बोलणार आहे ते बैलांच्या पुढे धावणाऱ्या घोडीविषयी.

घाटात गाड्यावर हाकणारा नसतो; बैल घोडीच्या मागे धावतात. म्हणजे घोडी बिथरली, तर स्वार, बैल आणि कडेची माणसे, सगळ्यांच्याच जिवाशी गाठ.

आता पुष्कळ जण काय करतात? घोडी रोज त्याच घाटात नेतात आणि रोज भरधाव पळवतात. घोड्याची आठवण फार पक्की. घाट दिसला की पळायचे, एवढेच ती शिकते. मग इशाऱ्याची वाट पाहत नाही. लगाम चावते, एका जागी उभी म्हणून राहत नाही. मालक म्हणतो, "काय तडफ आहे बघा!" अहो, ही तडफ नव्हे, ही धास्ती. एखादी घोडी उलट कंटाळते. कान मागे टाकते, शेपटी झटकते, टाच मारली तरी ढिम्म.

उपाय सोपा आहे. एक दिवस बांधाबांधाने नुसती रपेट करा, एक दिवस मोकळ्या रानात दुडकी चाल. एक दिवस जमिनीवर आडवी लाकडे टाकून त्यांवरून सावकाश चालवा. कधी घाटात न्या, उभी करा, मान चोळा आणि न पळवताच परत आणा. हलगी आधी लांबून ऐकवा, मग जवळून. डावीकडे वळवाल तितकेच उजवीकडे वळवा. कपाळासमोरचे अगदी जवळचे आणि शेपटीमागचे घोड्याला दिसत नाही, म्हणून नवी वस्तू बाजूने दाखवा. जमले की त्याच क्षणी लगाम सैल सोडा. तीच तिची शाबासकी. आणि ती दमण्याआधी, जमलेल्या कामावरच थांबा.

गुरुजी, रोज एकच पाढा घोकणारा पोरगा खिडकीबाहेर बघतो, हे तुम्ही जाणताच. पोरगा मठ्ठ नसतो. त्या पाढ्यात त्याला शोधायला काही उरलेले नसते. घोडीचेही तसेच आहे.

उद्या सकाळी दावणीशी गेलात की तिचे कान पाहा. ते तुमच्याकडे वळले, तर समजा, 'आज काय नवीन?' असे ती विचारते आहे. तिला रोज काही उत्तर द्या.