सिस्टर, जरा बघता का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातील संधी’. त्यावर बोलू शकतील असे आपल्या बॅचमध्येच सहा-सात जण आहेत आणि आजच्या मुलांना त्या संधी आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. म्हणून परवानगी काढून मी विषय बदलून घेतला. मी नर्सिंगबद्दल बोलणार आहे. कारण आज दुपारच्या बैठकीत, आपण जमवलेल्या निधीतून शाळेच्या मुलांना शिष्यवृत्ती कशी द्यायची हे ठरायचं आहे. मसुद्यात लिहिलं आहे, ‘अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणासाठी’. त्यात आणखी एक शब्द घालावा, एवढीच माझी मागणी आहे. ती का, ते ऐका आणि मग ठरवा.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअर बाईचा नर्सिंगशी काय संबंध? गेली बारा-तेरा वर्षं मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करते. केसपेपर, औषधांच्या ऑर्डरी, लॅबचे रिपोर्ट, वॉर्डातल्या नोंदी. काम कसं चालतं ते बघितल्याशिवाय त्याचं सॉफ्टवेअर करता येत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या हॉस्पिटलांत नर्सिंग स्टेशनच्या कडेला स्टूल टाकून मी वही घेऊन बसले आहे, दिवसपाळीला आणि रात्रपाळीलाही. शिवाय आपल्या वर्गातून मिरजेला नर्सिंगला गेलेली आपली मैत्रीण आज समोर बसली आहे. नाव घ्यायचं नाही अशी तंबी तिने मला सकाळीच दिली आहे. पण मी जे सांगणार आहे ते तिने तपासून दिलं आहे, हे सांगायला तिची हरकत नाही.

वॉर्डात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे, “सिस्टर, जरा बघता का?” सलाईन संपलं, बघता का. आईला थंडी वाजतेय, बघता का. माझ्या वहीत या कामाची व्याख्या याच एका शब्दाशी येऊन थांबली: बघणं. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, निर्णय देतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. चोवीस तास पेशंटजवळ असते ती नर्स. त्याच्यात झालेला बदल पहिल्यांदा तिलाच दिसतो, किंवा कोणालाच दिसत नाही.

ड्युटी सुरू होते ती ‘ओव्हर’ने. आधीच्या पाळीची सिस्टर नव्या सिस्टरला एकेक खाट दाखवत वॉर्ड सोपवते. कोणाला काय झालं, काय दिलं, काय द्यायचं आहे, कोणाचं ड्रेसिंग भिजलं, कोणाला लघवी झाली नाही, कोणाला पेनिसिलीनची ॲलर्जी आहे. आमच्या क्षेत्रात एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे काम जातं तेव्हा चार-चार दिवस बैठका चालतात. इथे अर्ध्या तासात वीस-पंचवीस माणसांचा हिशेब हातात येतो आणि त्या क्षणापासून तो तिचा असतो.

मग औषधं. प्रत्येक वेळी पाच गोष्टी तपासायच्या: पेशंट तोच ना, औषध तेच ना, मात्रा बरोबर ना, तोंडावाटे की शिरेतून, आणि वेळ. एका वॉर्डात एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी असतात. दोन औषधांच्या बाटल्या सारख्या दिसतात. इन्सुलिन किंवा पोटॅशियमसारखं औषध असेल तर दुसऱ्या सिस्टरला बोलावून दोघींनी वाचायचं. आता गणित बघा. ५०० मिलीलिटरचं सलाईन आठ तासांत द्यायचं आहे. साध्या सेटमधून २० थेंबांचा एक मिलीलिटर होतो. म्हणजे एकूण १०,००० थेंब, ४८० मिनिटं, मिनिटाला साधारण २१ थेंब. लहान मुलांसाठी बारीक सेट लावला की ६० थेंबांचा एक मिलीलिटर, आकडा बदलला. हे सरांनी आपल्याला शिकवलेलं त्रैराशिकच आहे. फरक इतकाच की ते पहाटे तीन वाजता, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत करायचं असतं.

एका रात्रीची गोष्ट सांगते. साठीचे एक काका, पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. ताप नाही, बीपी ठीक, ऑक्सिजन ९६. सिस्टर त्यांचं मनगट धरून नाडी बघितल्यासारखं पूर्ण एक मिनिट उभी राहिली. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, “नाडी नव्हते बघत. श्वास मोजत होते. सांगून मोजलं की माणूस श्वास बदलतो.” संध्याकाळी श्वास १८ होता, आता २६. आणि एरवी सुनेच्या चहाबद्दल तक्रार करणारे काका त्या रात्री गप्प होते. तिने डॉक्टरांना फोन लावला. “सर, बाकी सगळं ठीक दिसतंय, पण पेशंट मला बरा वाटत नाही. एकदा येऊन बघा.” डॉक्टर आले, तपासण्या झाल्या, पोटातला संसर्ग रक्तात पसरू लागला होता. उजाडायच्या आत काकांना आयसीयूत हलवलं. पुढे ते चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच सिस्टरने मला विचारलं, “मॅडम, तुमच्या संगणकात ‘पेशंट बरा वाटत नाही’ असं लिहायला जागा आहे का?” तेव्हा आमचं काम आराखड्याच्या पातळीवर होतं. आम्ही तशी जागा केली: ‘नर्सला काळजी वाटते’. सिस्टरने ती खूण केली की डॉक्टरांना निरोप जातो. हा काही माझा शोध नव्हे. जगभरातल्या अनेक हॉस्पिटलांत तातडीने डॉक्टर बोलावण्याच्या कारणांच्या यादीत नाडी, बीपी, श्वास यांच्या बरोबरीने नर्सची काळजी हेही एक कारण असतं. अनुभवाने घडलेली नजर हे मोजमापच आहे, असं तिथे मानलं गेलं आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला पुस्तकातला दिवा आठवतो. पण क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्यांनी जे केलं ते माझ्यासारखीला जास्त जवळचं वाटतं. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी आकडे गोळा करून, १८५८ साली आकृत्या काढून सरकारला दाखवलं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य होत्या. म्हणजे या व्यवसायाच्या मुळाशी सेवाभाव आहे तसं मोजणं आणि नोंदवणंही आहे.

आता ज्याबद्दल लोक नाक मुरडतात त्या कामाकडे येते. अंग पुसणं, बेडपॅन, कॅथेटर, उलट्या, जखमेचा पू. आपल्याकडे जुन्या समजुतींनी हे काम हलकं ठरवून ठेवलं आहे. पण ते करतानाच नर्स बघत असते. पाठ पुसताना माकडहाडापाशी कातडी लाल झाली आहे का, पाय सुजलाय का, लघवीचा रंग बदलला का. निजून राहिलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर कातडी मरते, बेडसोर होतो, आणि तो हाडापर्यंत जाऊ शकतो.

अरुणा शानबाग हे नाव तुम्हाला माहीत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तीही सांभाळत राहिली. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा या सेवेचा आवर्जून गौरव केला. तोवरच्या ३७ वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नव्हता. मी इंजिनिअर, मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८०, आणि ३७ वर्षांत एक लाख बासष्ट हजारांच्या वर. त्यातली कोणतीही एक वेळ कोणाच्या लक्षात राहण्यासारखी नाही. पण सगळ्या मिळून जे झालं ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला नोंदवावंसं वाटलं.

या कामाचे त्रासही सांगायला हवेत, नाहीतर मुलींना फसवल्यासारखं होईल. दिवसभर उभं राहून पाय आणि कंबर जातात. सुई टोचण्याची भीती असते. नातेवाइकांचा राग आधी सिस्टरवर निघतो. सणवार वॉर्डात जातात. लहान खाजगी दवाखान्यांत पगार कामाच्या मानाने तुटपुंजा असतो. आणि माणसं कमी असतात. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष असे आहेत की साध्या वॉर्डात शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक. मी एका ठिकाणी रात्री चाळीस खाटांना दोन सिस्टर बघितल्या आहेत. एका पेशंटचा ताप-नाडी-श्वास-बीपी बघून लिहायला पाच मिनिटं धरा. प्रत्येकीला वीस पेशंट, म्हणजे शंभर मिनिटं फक्त त्यातच गेली. मग नजर ठेवायला वेळ उरतो किती? या त्रासांवरचा एक उपाय म्हणजे प्रशिक्षित नर्स वाढणं आणि त्यांना मान, पगार नीट मिळणं.

मानाचा विषय निघाला म्हणून सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मलाही रात्रपाळी होती, अमेरिकेच्या वेळेमुळे. आमच्या आळीत त्याला ‘अमेरिकेचा प्रोजेक्ट’ म्हणायचे आणि पेढे मागायचे. त्याच वर्षी आपल्या मैत्रिणीलाही रात्रपाळी होती, तर तिच्या आईला लोक विचारायचे, “रात्रीची नोकरी? मग लग्नाचं कसं करणार?” मी रात्री संगणक बघत होते, ती रात्री माणसं बघत होती. कोविडच्या काळात आपण टाळ्या-थाळ्या वाजवल्या. तेव्हा तिने आपल्या ग्रुपवर लिहिलं होतं, “टाळ्या पोचल्या. आता तुमच्या मुलींना या कामाला पाठवाल का ते सांगा.” बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. उत्तर कोणी दिलं नाही.

ते उत्तर आज दुपारी देता येईल. त्यासाठी थोडी माहिती. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. जीएनएमला बारावीची कोणतीही शाखा चालते, बी. एस्सी.ला जीवशास्त्र लागतं. जीएनएम आणि बी. एस्सी. दोन्ही मुलांसाठीही खुले आहेत. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात आणि जड पेशंट उचलताना सगळ्यांना तेच आठवतात. अभ्यासक्रम पुरा करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली की ती नोंदणीकृत परिचारिका. सरकारी सेवेत अधिपरिचारिका, पुढे परिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या आहेत. एम. एस्सी., पीएच. डी. करून शिकवता येतं. आणि एक धोक्याची सूचना: सहा महिन्यांत ‘नर्सिंग कोर्स’ अशा पाट्या तालुक्याच्या गावांतही दिसतात. त्यातून परिषदेची नोंदणी मिळत नाही. पैसे भरण्याआधी संस्थेची मान्यता तपासायला आपण मुलांना मदत केली पाहिजे.

तर माझा प्रस्ताव असा. मसुद्यात ‘अभियांत्रिकी, वैद्यकीय व नर्सिंग’ असं लिहावं. दरवर्षी किमान एक शिष्यवृत्ती नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला द्यावी. फीबरोबर वसतिगृह, गणवेश आणि पुस्तकांचा खर्च त्यात धरावा, कारण मुली थांबतात त्या बऱ्याचदा तिथे. आणि गुणानुक्रमे वरच्यांना इंजिनिअरिंग, उरलेल्यांना नर्सिंग अशी रांग लावू नये. ज्या मुलीचं गणित पक्कं आहे, अक्षर नीट आहे आणि जिचं लक्ष कुठे काय बदललं याकडे पटकन जातं, तिला शाळेतल्या बाईंनी आपणहून विचारावं, “नर्सिंगचा विचार केलास का?”

मित्रांनो, आपण सगळे पंचेचाळिशीच्या घरात आलो. आपले आईवडील सत्तरी-पंचाहत्तरीचे. आपल्यापैकी बहुतेकांनी गेल्या काही वर्षांत हॉस्पिटलच्या बाकड्यावर रात्र काढलेली आहे आणि “सिस्टर, जरा बघता का?” म्हटलेलं आहे. पुढच्या वीस वर्षांत आपल्यासाठी हे वाक्य आपली मुलं म्हणतील. तेव्हा वॉर्डाच्या त्या टोकाकडून शिकलेली, पुरेशी झोप झालेली आणि नजर असलेली कोणीतरी उठून यावी, यासाठी शाळेत आज नववी-दहावीत असलेल्या मुलांकडे बघायला हवं.

आपली मैत्रीण दुपारच्या बैठकीला चार वाजेपर्यंतच थांबणार आहे. तिला आज रात्रपाळी आहे. तेव्हा हा मुद्दा कृपया पहिल्यांदा घ्यावा.