टेडिंग्टनची भरती

इंग्लंडमधील डिव्हायझेस या गांवापासून लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलापर्यंत जलमार्गानें १२५ मैलांचें अंतर आहे. ईस्टरच्या सुटींत तें वल्हवीत तोडण्याची शर्यत होते. मुख्य शर्यतींत दोघादोघांच्या जोड्या शनिवारीं निघतात आणि वाटेंत मुक्काम न करतां रविवारीं लंडन गांठूं पाहतात.

या शर्यतीचा उगम एका पैजेंत आहे. १९४८ सालच्या ईस्टरमध्यें डिव्हायझेसच्या चार रोव्हर स्काउटांनीं, अन्न व मुक्कामाचें सामान बरोबर वाहून, शंभर तासांच्या आंत वेस्टमिन्स्टर गांठण्याचें आव्हान स्वीकारलें आणि ८९ तास ५० मिनिटांत तें पुरें केलें. पुढें १९७९ सालीं ब्रायन ग्रीनहॅम व टिम कॉर्निश या जोडीनें तोच मार्ग १५ तास ३४ मिनिटांत संपविला!

पहिले ५४ मैल केनेट-एव्हन कालव्याचे, पुढचे थेम्सचे. पाण्याची पातळी चढविण्या-उतरविण्यासाठीं बांधलेले ७७ लॉक वाटेंत लागतात; तेथें नाव पाण्याबाहेर काढून, उचलून, धांवत पलीकडे सोडावी लागते. म्हणून अखेरच्या आठवड्यांत वल्ह्याइतकीच काळजी बुटांची. ओल्या बुटानें टांच सोलली, तर पुढचें रडगाणें कोणी ऐकावयाचें?

परंतु या तयारींतील खरा कठीण भाग गणिताचा. टेडिंग्टन येथें थेम्सला समुद्राची भरती भिडते. तेथून उरलेले १७ मैल भरती-ओहोटीचे. खाडीकांठच्या माणसास यांतील मर्म सांगावयास नको. जोडी लवकर पोहोंचली तर चढतें पाणी तिला मागें रेटतें. वेळेवर पोहोंचली तर ओहोटी तिला लंडनकडे ओढून नेते. मुदत टळल्यावर आली तर संयोजक तिला पुढें सोडीत नाहींत, आणि रात्रभराचे श्रम तेथेंच अडकून पडतात. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार. ती पौर्णिमा कधीं आदल्याच दिवशीं झालेली असते, कधीं आठवड्यापूर्वीं. त्यामुळें भरतीची घटका व जोर दरवर्षीं निराळा. गतवर्षींचा हिशेब यंदा उपयोगी नाहीं.

निघण्याची वेळ मात्र जोडीनेंच निवडावयाची. भरती पहांटे पांचला आणि टेडिंग्टनपर्यंतच्या १०८ मैलांस वीस तास लागतील असा अंदाज असेल, तर शनिवारीं सकाळीं नऊला निघावें. पण हे वीस तास आणावयाचे कोठून? पावसानें थेम्स भरून वाहत असेल तर वेळ वांचतो. कालव्यावर समोरून वारा सुटला तर तो तितकाच जातो. झोपेवांचून हात किती मंदावतील, हें प्रथमच उतरणाऱ्यास ठाऊक नसतें. फुशारकी मारणारा उशिरां निघतो, भित्रा फार लवकर.

शुक्रवारीं रात्रीं नावेचें बूड पुसून झालेलें असतें. दिवे, शिट्टी, तरंगतें जाकीट हीं सारीं तपासलेलीं असतात. तरी दोघे कागदापुढें बसलेलेच. एक म्हणतो नऊ, दुसरा म्हणतो साडेआठ. मोटारीनें कांठाकांठानें जाऊन गरम सूप व कोरडे कपडे पुरविणारे सहायक मुकाट्यानें ऐकत असतात, कारण दोघांचें साडेआठावर जमलें कीं त्यांना प्रत्येक पुलापुढें लिहिलेली वेळ खोडून अर्ध्या तासानें मागें घ्यावयाची असते.