शिरोरेषा आणि संगणक



आम्ही शाळेत फार टिकलो नाही. अक्षरे शिकलो ती गेटसभेच्या फलकांवरून. युनियनचा पेंटर आधी शिरोरेषा ओढी, मग ब्रशाने एकेक अक्षर खाली उतरवी. पुढे फ्लेक्स आला आणि स्वस्त म्हणून आम्ही त्याचे काम काढून घेतले. मालकाने नव्हे, आम्हीच!

पहिल्याच फ्लेक्सवर 'संघटित'मधली वेलांटी 'ट' सोडून 'त'ला चिकटली. गेटवर हशा पिकला. कारण साधे होते. त्या काळी फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची मजकूर-जुळणी निवडावी लागे; न निवडल्यास वेलांटी जागा चुके, जोडाक्षरे फुटत.

तेव्हा आम्ही पेंटरला पुन्हा बोलावले आणि संगणकावरच्या पोराशेजारी बसविले. पोराने 'एकजूट' हा शब्द जाड टाइपात लिहिला. फोटोशॉपमध्ये १९९४ पासून चित्राचे थर एकावर एक ठेवता येतात. त्याने शब्दावर मोर्चाच्या फोटोचा थर ठेवला आणि तो अक्षरांपुरताच दिसेल असा बांधला. माणसे अक्षरांत आली! कडेला रेघ दिली, मागे सावली दिली. मग ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांतील अंतर वाढविले, तोच शिरोरेषा तुटली. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. आपली एका दोरीला टांगलेली. पेंटर म्हणाला, "रेघ निराळ्या थरावर ओढ, अख्खी." पोराने ओढली.

तो फलक १ मेला लागला. मजुरी दोघांत कशी वाटावी, यावर कार्यकारिणीत अजून वाद चालू आहे. आमचे मत पेंटरच्या बाजूने आहे.